जिन्यातला लाल सिलिंडर

मैत्रिणींनो, ३ सप्टेंबर २०१९ ची सकाळ आम्ही द्रोणागिरीकर विसरलेलो नाही. उरणच्या ओएनजीसी प्रकल्पात आग लागली नि चार माणसं गेली. त्यांतले तिघे आग विझवणारे जवान होते. त्या दिवशी मी आमच्या जिन्यातला लाल सिलिंडर पहिल्यांदा नीट पाहिला. वापरायचा कसा, ठाऊकच नव्हतं!

आगीला जळण, उष्णता आणि प्राणवायू लागतो. यातलं एक काढून घेतलं की ती विझते. पाणी उष्णता घेतं. ते लाकूड, कापड, कागदासाठी. विजेवर नि पेटलेल्या तेलावर मात्र पाणी कधीच नको! फेस पेट्रोल-रॉकेलवर सायीसारखा पसरतो नि हवा तोडतो. कार्बन डायऑक्साइड प्राणवायू हटवतो, मागे कचरा ठेवत नाही, म्हणून विजेच्या उपकरणांना बरा. एबीसी पावडर या सगळ्यांवर चालते. घराला तीच सोयीची. पण ती तेल थंड करत नाही, ते पुन्हा पेटू शकतं. म्हणून कढई पेटली तर गॅस बंद करा, घट्ट झाकण ठेवा नि कढई हलवू नका.

वापरताना पिन ओढा, नळी आगीच्या बुडाशी रोखा, दांडी दाबा, डावीउजवीकडे फिरवा. पाठीशी दार हवं. छोटा सिलिंडर काही सेकंदांतच संपतो. आग आटोक्यात येत नसेल तर बाहेर पडा नि १०१ ला फोन करा.

आणि हो, काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, ते आजच बघा. आमचा लाल पट्ट्यात होता!