झाडाचं वय कुणाला विचारायचं?

मुलुंडच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर मेट्रो ४ चे खांब उभे राहिले, तेव्हापासून इथल्या रहिवाशांच्या बोलण्यात झाडांची वयं येऊ लागली आहेत. त्याला कायद्याचंही कारण आहे. २०२१ मध्ये राज्याने वृक्षसंरक्षण कायद्यात दुरुस्ती केली. त्यानुसार ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष ठरतं आणि ते तोडावंच लागलं, तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावायची. पण हे वय काढायचं कसं?

खोडातली वलयं मोजून, असं आपण शाळेत शिकलो. खरी म्हातारी झाडं मात्र या परीक्षेला बसतच नाहीत. ब्रिटनमध्ये जुन्या चर्चच्या आवारात यू नावाचे सदाहरित वृक्ष आहेत. त्यांपैकी स्कॉटलंडमधल्या फोर्टिंगल गावच्या यूचा घेर १७६९ मध्ये ५२ फूट भरला होता. त्याचा गाभा केव्हाच कुजून गेला आणि सगळ्यात जुनी वलयंही त्याबरोबर गेली. म्हणून त्याच्या वयाचे अंदाज २ हजारांपासून ५ हजार वर्षांपर्यंत पसरलेले आहेत.

आपल्या भागात यू उगवत नाही. तशीच कोडी घालणारी गोरखचिंच मात्र मुलुंडकरांना धिम्या लोकलने गाठता येते. भायखळ्याला उतरायचं आणि राणीच्या बागेत जायचं. ही बाग १८६० च्या दशकातली. तिथली गोरखचिंच पाहिली, की झाडापेक्षा एखाद्या बसलेल्या हत्तीसमोर उभं असल्यासारखं वाटतं. नावात चिंच असली, तरी तिचं कूळ जास्वंद-काटेसावरीचं. फळातला पांढरा गर आंबट, म्हणून चिंच; गोरखनाथांनी या झाडाखाली शिष्यांना उपदेश केला अशी श्रद्धा, म्हणून गोरख. मूळ गाव आफ्रिका.

वसईच्या किल्ल्यातही ती आहे. पोर्तुगिजांनी वसई १५३४ मध्ये घेतली आणि चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये ती जिंकली. पोर्तुगिजांची ठाणी मोझांबिकच्या किनाऱ्यावरही होती, त्यामुळे ही झाडं त्यांनीच आणली असं सहज मनात येतं. वसईपुरतं ते खरंही असेल. भारतातल्या सगळ्या गोरखचिंचांना मात्र ते लागू पडत नाही.

या झाडाचं लाकूड मऊ आणि पाण्याने भरलेलं असतं. वलयं अस्पष्ट, कधी गायबच. शिवाय अनेक खोडं एकमेकांत मिसळून एक बुंधा होतो, आणि त्यांच्या मधे राहिलेली जागा ढोलीसारखी दिसते. तेव्हा घेरावरून वय सांगणं म्हणजे पोट पाहून माणसाची जन्मतारीख सांगणं. यावर रुमानियाचे शास्त्रज्ञ एड्रियन पात्रुत यांनी वाट काढली. पोकळीच्या भिंतीतून आणि बाहेरून लाकडाचे बारीक नमुने घ्यायचे आणि त्यांतला किरणोत्सारी कार्बन मोजायचा. हा कार्बन ५,७३० वर्षांत निम्मा होतो. किती उरला त्यावरून लाकूड केव्हा तयार झालं ते कळतं.

प्रयागराजजवळच्या झूंसीची आणि बाराबंकीतल्या किंतूरची गोरखचिंच त्यांनी अशी तपासली. २०२० मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: दोन्ही झाडं सुमारे ८०० वर्षांची. पोर्तुगिजांचा वास्को द गामा कालिकतला पोचला १४९८ मध्ये. म्हणजे ही झाडं तेव्हाच तीनशेच्या आसपास होती! मला ही बातमी वाचून फार आनंद झाला होता. त्याआधी २०१५ च्या जनुकीय अभ्यासातून दिसलं होतं, की ही झाडं भारतात एकदाच नव्हे, तर अनेकदा आणि आफ्रिकेच्या वेगवेगळ्या भागांतून माणसांबरोबर आली. ती कुणी आणली असतील? अरब व्यापाऱ्यांनी, खलाशांनी, गुलाम म्हणून किंवा सैन्यात आलेल्या हबशांनी? एखाद्याच्या गाठोड्यात वाटेत खायला ठेवलेलं फळ असेल. टणक कवचामुळे आतल्या बिया लांबचा प्रवास सहज सोसतात.

एवढ्या दीर्घायुषी झाडाचं फूल मात्र एका रात्रीचं. पावसाच्या तोंडावर, अंधार पडू लागताच ते उमलतं आणि वटवाघळं त्यावर येतात. त्या दिवसांत, बाग बंद असते तो बुधवार सोडून, कुठल्याही सकाळी राणीची बाग उघडताच गेलात, तर ती पांढरी, मोठी फुलं बुंध्याशी पडलेली दिसतील.