डाव्या-उजव्याचा हिशेब

15 नोव्हेंबर 1985 च्या ‘सायन्स’मध्ये गॅसमन, कुओ आणि झेअर यांचा दोन पानी लेख आला. अमिनो आम्लांची एकमेकांची आरशातली प्रतिमा असणारी रूपं, डावं ‘एल’ आणि उजवं ‘डी’, विजेच्या दाबाखाली केसाएवढ्या नळीतून पळवून वेगळी करता येतात, हे त्यांनी दाखवलं. त्याला 2025 मध्ये 40 वर्षं झाली, आणि त्याच हिवाळ्यात आमच्या विभागातल्या एका संस्थेने आपलं कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिसचं, म्हणजे याच पद्धतीचं यंत्र निर्लेखित करून वजनावर विकलं. कारणाच्या रकान्यात ‘कालबाह्य’. मोकळ्या झालेल्या जागेत आता अ‍ॅसिटोनायट्राइलचे ड्रम आहेत. भंगाराचं पुढे काय होतं, ते भट्ट्यांच्या गावात राहणाऱ्या जालनेकराला सांगायला नको.

आधीची वर्षं भराभर उलटतो. 1981 मध्ये, म्हणजे औरंगाबादेतून निघून जालना वेगळा जिल्हा झाला त्याच वर्षी, अमेरिकेत जॉर्गन्सन आणि लुकाक्स यांनी 75 मायक्रॉनच्या काचेच्या नळीला 30 हजार व्होल्टपर्यंत दाब देऊन ही पद्धत उभी केली. नव्वदच्या दशकात परिषदांतून त्यावर भाषणं ऐकली. चहा बरा असायचा.

2000 ते 2010 मात्र विसरलो नाही. कॉलेजला सुट्टी असली की पहाटेची एसटी धरून मी त्या यंत्रापाशी जाऊन बसायचो. कॅपिलरीवर तपकिरी पॉलिइमाइडचा लेप असतो. दिव्याचा प्रकाश नळीतून आरपार जायला हवा, म्हणून काही मिलिमीटरचा लेप लायटरने जाळायचा, काजळी मिथेनॉलच्या बोळ्याने पुसायची. लेप गेला की उघडी काच नुसत्या श्वासानेही तुटेल अशी भीती वाटायची, आणि बऱ्याचदा तुटायचीही. मग सोडियम हायड्रॉक्साइडने धुणं, पाण्याने धुणं, बफर भरणं, आणि पडद्यावर मायक्रोअँपिअरची रेघ सरळ राहते का ते बघणं. बुडबुडा अडकला की रेघ धाडकन शून्यावर. त्या वर्षांत बुडबुड्यापेक्षा भारनियमनाने जास्त रन मारले.

डावं आणि उजवं रूप वजनाने तेवढंच, विद्युतभारही तेवढाच. नुसत्या विजेने ती वेगळी होत नाहीत. झेअर यांच्या गटाने त्यासाठी तांबं आणि हिस्टिडीन यांचं संयुग वापरलं होतं. आम्ही बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन टाकायचो. स्टार्चपासून होणारं, सात ग्लुकोजांचं पोकळ कडं. डॅन्सिल हा गट लावलेल्या अमिनो आम्लाचं एक रूप त्यात नीट बसतं, दुसरं डाव्या पायात उजवी चप्पल घातल्यासारखं. त्यामुळे दोघांच्या चालीत फरक पडतो आणि एकाच्या जागी दोन शिखरं दिसतात. हे कडं पाण्यात जेमतेम विरघळतं, म्हणून सोबत युरिया. आमच्या जिल्ह्यात खरिपात ज्याच्यासाठी रांगा लागतात तोच, फक्त शुद्ध केलेला. एका रनला नमुना लागे काही नॅनोलिटर आणि बफर काही मिलिलिटर. खेड्यापाड्यातल्या कॉलेजला परवडेल असं दुसरं काय होतं?

पण शेजारच्या खोलीत एचपीएलसीवाले होते, द्रव दाबाने कॉलममधून ढकलून हेच काम करणारे. ‘तुमचे रिझल्ट रिपीट होत नाहीत,’ हे त्यांचं पालुपद. वेळा सरकायच्या, खरं आहे. नळीच्या आतली भिंत आणि खोलीचं तापमान सांभाळलं नाही तर सरकणारच. त्यांचा एक कायरल कॉलम बिघडला की वर्षाचं बजेट कोलमडायचं, ते मात्र कुणी मोजत नसे. 2008 च्या शेवटी त्यांना लागणाऱ्या अ‍ॅसिटोनायट्राइलची जगभर टंचाई झाली. ते अ‍ॅक्रिलोनायट्राइलच्या कारखान्यांतलं उपउत्पादन. मंदीत कारखाने मंदावले आणि भाव कडाडले. मला वाटलं, आता तरी आमचे दिवस येतील. लोकांनी महाग ड्रम घेतले आणि पुढे चालू लागले.

त्याच सुमारास मी मोसंबीचा प्रस्ताव दिला. जिवाणूंच्या पेशीभित्तीत डी-अ‍ॅलॅनिन असतं. रसात ते वाढलं, तर कुठेतरी जिवाणू माजले होते अशी शंका घ्यायला जागा होते, मग नंतर तो रस कितीही उकळा. अंबड, घनसावंगीच्या बागांतली फळं आणि बाजारातला बाटलीतला रस शेजारी ठेवून बघायचं होतं. समितीतल्या एकाने विचारलं, ‘याचा उपयोग काय?’ दुसऱ्याने घड्याळ बघितलं.

2017 मध्ये नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतल्या लोकांनी कॅलिफोर्नियाच्या खाऱ्या मोनो लेकचं पाणी घेऊन याच पद्धतीने 17 अमिनो आम्लं एका दमात तपासली. जीवसृष्टी बहुतांशी डाव्या रूपाला धरून असते, म्हणून परग्रहावर जीव शोधायला ही नळी न्यावी असा त्यांचा विचार. तिथे कुणी ती कालबाह्य म्हटल्याचं माझ्या कानावर नाही.

2018 पासून जालन्यात आयसीटीचा, म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीचा, मराठवाडा परिसर आहे. तिथल्या कुणा मुलाला मोसंबीचा विषय हवा असेल तर माझा नामंजूर प्रस्ताव टाइप करून तयार आहे. अंदाजपत्रक तेवढं जुन्या भावाचं आहे, ते बदलून घ्यावं लागेल.