शिशुक्रीडा, घरातील

शिशुक्रीडा, घरातील : साधारणतः एक ते सहा वर्षे वयाच्या मुलांनी घरात वा बालवाडीच्या खोलीत खेळावयाचे हालचालींचे खेळ. रांगणे, चढणे, उडी मारणे, तोल सांभाळणे, फेकणे या मूलभूत हालचालींचा सराव हा त्यांचा हेतू असतो. हारजीत गौण असते.

नाशिकच्या जुन्या वाड्यांत ओसरी, माजघर व चौक असल्याने पावसाळ्यातही मुलांना धावण्यास जागा मिळे. सदनिकांत ती अपुरी असते व मुलाला एका जागी बसविण्याकडे पालकांचा कल होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये एक ते चार वर्षे वयाच्या मुलांना दिवसभरात किमान १८० मिनिटे हालचाल असावी, तीन वर्षांनंतर त्यांपैकी ६० मिनिटे ती मध्यम ते जोमदार असावी, अशी शिफारस केली. हा वेळ तुकड्यातुकड्यांनीही भरून निघतो.

पहिली पावले टाकणाऱ्या मुलासाठी पांगुळगाडा ढकलणे, उशांच्या ढिगावरून चढणे. दोन वर्षांनंतर बेडूकउड्या, प्राण्यांच्या चालीची नक्कल, आगगाडी. तर चार वर्षांच्या सुमारास लंगडी असे खेळ योग्य ठरतात. माँटेसरी पद्धतीतील जमिनीवर आखलेल्या रेषेवरून चालण्याने तोल व एकाग्रता वाढते. ‘तळ्यात-मळ्यात’ या खेळास एक रेषा पुरते; सूचना ऐकून उडी घेणे व फसव्या सूचनेला जागीच थांबणे यांमुळे श्रवण व आत्मसंयम यांचा सराव होतो. मात्र लहान मुलांच्या खेळात चुकणाऱ्यास बाद करू नये. तसे केल्यास ज्याला सरावाची अधिक गरज, तोच बसून राहतो.

महाराष्ट्रात शिशुशिक्षणाचा पाया ताराबाई मोडक (१८९२–१९७३) व अनुताई वाघ (१९१०–९२) यांनी घातला. बोर्डी (जि. पालघर) येथे १९४५ मध्ये सुरू झालेल्या व पुढे कोसबाडला विस्तारलेल्या त्यांच्या कार्यात महागड्या साधनांऐवजी परिसरातील वस्तूंवर भर होता. अंगणवाडीची कल्पना याच कार्यातून पुढे आली. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील केंद्रे अंगणवाडी या नावानेच ओळखली जातात.

घरात खेळताना फरशी कोरडी असावी, मुले अनवाणी असावीत, टोकदार फर्निचर बाजूस सारावे व खिडकी वा गच्चीच्या कठड्याजवळ चढण्याजोगी वस्तू ठेवू नये. मूल थकताच खेळ थांबवावा.