हाड जिथे पडलं होतं

कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतल्या भूविज्ञान संग्रहालयात बारापासॉरसचा सांगाडा उभा आहे. झाडपाल्यावर जगणारा, लांब मानेचा हा ज्युरासिक काळातला डायनासोर. एकट्या मांडीच्या हाडाची लांबी १.७ मीटर! पाहणाऱ्याची मान आपोआप वर जाते. मी मात्र हाडांवरच्या भेगांपाशीच रेंगाळलो, कारण असं हाड जमिनीतून कसं सोडवतात ते मी जवळून पाहिलं आहे.

हाडाची कड दिसली की कुदळ बाजूला ठेवतात. दाभणानं माती खरवडायची, ब्रशनं झाडायची, भेगेत पातळ डिंक सोडायचा आणि तो वाळेपर्यंत हात आवरायचा. मग आखलेल्या चौकटीत हाडाची जागा, खोली, टोकाची दिशा नोंदवायची. त्यानंतर ओला कागद, कारण तो नसेल तर प्लास्टर थेट हाडालाच चिकटतं. वर प्लास्टरमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या. प्लास्टर आवळत जातं तसं तळहाताला गरम लागतं. ते घट्ट झालं की खालची माती पोखरून सगळ्यांनी मिळून तो गठ्ठा एका दमात पालथा करायचा. त्या क्षणी कुणी बोलत नाही.

बारापासॉरसची हाडं प्राणहिता नदीपलीकडे, तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या पोचमपल्लीजवळ मिळाली. सांख्यिकी संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी लंडनहून जीवाश्मशास्त्रज्ञ पामेला रॉबिन्सन यांना संस्थेत बोलावलं, त्यातून या खोऱ्यातली शोधमोहीम उभी राहिली. १९७५ साली शास्त्रीय वर्णन छापून आलं. ज्या थरात हाडं होती, त्याला आपल्या महाराष्ट्रातल्या सिरोंचा तालुक्यातल्या कोटा गावाचं नाव आहे.

सुमारे ३०० हाडं, किमान सहा प्राण्यांची, आणि सोबत दगड झालेले मोठाले बुंधे. एवढी हाडं बुंध्यांसकट एकाच जागी सापडली, म्हणूनच हा कळप पुरात सापडला असावा असं अभ्यासकांना म्हणता आलं. कवटी मिळाली नाही. मिळाले ते चमच्याच्या आकाराचे मोजके दात.

सिरोंच्याजवळ वडधमलाही दगड झालेली झाडं आहेत. तिथून कुणी आठवण म्हणून तुकडा खिशात घातला की माझा जीव तुटतो. असं काही दिसलं तर कृपा करून हलवू नका. फोटो घ्या, जागा टिपून ठेवा, वनखात्याला कळवा.