पहिले सिझेरियन, पुढचे बाळंतपण : निर्णय कसा घ्यावा?



“एकदा सिझर झाले की पुढेही सिझरच”, असे आपल्या घरांतून सर्रास म्हटले जाते. न्यूयॉर्कचे डॉ. एडविन क्रॅगिन यांनी १९१६ साली याच आशयाचे विधान केले होते. त्यांचा रोख मात्र पहिली शस्त्रक्रिया विनाकारण करू नये, यावर होता. त्या काळी गर्भाशयावर उभा छेद घेत असत. आज बहुधा खालच्या भागात आडवा छेद घेतात आणि तो व्रण अधिक भक्कम असतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात शंभरांतील सुमारे २५ बाळंतपणे सिझेरियनने झाली. म्हणजेच हा प्रश्न असंख्य मातांचा आहे.

एका सिझेरियननंतर नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करणाऱ्या योग्य मातांपैकी शंभरांत ७२ ते ७५ जणींना यश येते. पूर्वी एखादे नैसर्गिक बाळंतपण झालेले असल्यास हे प्रमाण ८५ ते ९० पर्यंत जाते. धोका असा, की सुमारे दोनशेंत एकीचा जुना व्रण कळांच्या वेळी उसवतो. असे क्वचित घडते. पण घडल्यास माता व बालक दोघांचेही प्राण संकटात येतात आणि तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते.

ठरवून केलेल्या सिझेरियनमध्ये हा धोका बहुतांशी टळतो. परंतु प्रत्येक शस्त्रक्रियेगणिक पुढच्या गरोदरपणी वार जुन्या व्रणात रुतण्याचे व अतिरक्तस्रावाचे भय वाढत जाते. आणखी अपत्यांची इच्छा असलेल्या दांपत्याने याचा विचार अवश्य करावा.

पूर्वीचा छेद उभा असल्यास, व्रण एकदा उसवलेला असल्यास किंवा वार गर्भाशयाच्या मुखावर असल्यास नैसर्गिक प्रसूतीचा आग्रह धरू नये. दोन बाळंतपणांत फार कमी अंतर असल्यासही जोखीम वाढते. म्हणून पहिल्या वेळचे डिस्चार्ज कार्ड जपून ठेवावे. छेद कोणता होता व शस्त्रक्रिया का करावी लागली, हे त्यावरून डॉक्टरांना कळते. बाळ पायाळू असल्याने सिझर झाले असेल, तर ते कारण पुन्हा उद्भवेलच असे नाही.

आपल्याकडे लेक बाळंतपणाला माहेरी जाते. माहेर पेठ, सुरगाण्याच्या दुर्गम पाड्यावर असेल, तर कळा सुरू झाल्यावर घाट ओलांडून नाशिक गाठण्यात मोलाचा वेळ जातो. जिथे शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ व रक्ताची सोय अहोरात्र आहे, तिथेच हा प्रयत्न व्हावा. दिवस भरत आले की अशा रुग्णालयाजवळ मुक्काम हलवावा. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार शासकीय रुग्णालयात प्रसूती व सिझेरियन दोन्ही विनामूल्य आहेत.

परंपरा सांगते, की संत रेमंड नोन्नातुस यांचा जन्म मृत मातेच्या उदरावर छेद घेऊन झाला. तेच गर्भवतींचे आश्रयदाते मानले जातात. आज माता व बालक दोघेही सुखरूप राहू शकतात. म्हणून कोणत्याही मार्गाने झालेले मातृत्व उणे मानू नये. सासू, नणंद वा शेजारीण यांनी नव्हे, तर पतिपत्नींनी डॉक्टरांशी बोलून, कळा सुरू होण्यापूर्वीच, हा निर्णय घ्यावा.