पाय टेकत नाहीत? आधी सीट बघा!

सटाण्याहून साल्हेरच्या वाटेला लागलं की ऑफ-रोड बाइकची हौस जागी होते. पण उंची पाच फूट दोन इंच असेल तर बाइकवर बसल्याबसल्याच पंचाईत! मुलींना तर 'तुला स्कूटीच बरी' हे ठरलेलं वाक्य.

हीरो एक्सपल्स २०० ४व्हीच्या सीटची उंची ८२५ मिमी, सेकंडहँड मिळणाऱ्या हिमालयन ४११ची ८००. मग हिमालयन सोपी? थांबा. तिचं वजन जवळपास २०० किलो, एक्सपल्सचं १६०च्या आसपास. खडीवर हा फरक लगेच कळतो. शिवाय सीट रुंद असली की मांड्या फाकतात आणि पाय आखूड पडतात. म्हणून बूट घालून प्रत्यक्ष बसून बघा.

लोअरिंग करायचंच तर सुरुवात सीटपासून. फोम थोडा कापून पुढची बाजू निमुळती करून घ्या. काही मेकॅनिक मागच्या शॉकअपची लिंक बदला म्हणतात. तसं केलं तर पुढचे फोर्कही क्लॅम्पमधून वर सरकवावे लागतात, नाहीतर हँडल जड होतं. साइड स्टँड लांब पडतो, बाइक सरळ उभी राहते आणि धक्क्याने आडवी होते. वर २२० मिमीचा ग्राउंड क्लिअरन्स घटतो. पैसे त्याचेच तर मोजले होते ना!

दोन्ही पाय टेकायलाच हवेत असं नाही. थांबताना थोडं डावीकडे सरका. डावा पाय खाली, उजवा ब्रेकवर. डावीकडे उतार असेल तर मात्र थोडं पुढे, सपाट जागा बघूनच थांबा.