खिदमत करणाऱ्याचाही हक्क असतो

आमच्या वसई-विरार परिसरात खिदमतीचे काम कधी संपत नाही. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले, लोकल थांबल्या, वसईच्या कित्येक वस्त्या अंधारात राहिल्या. मग कोरोना आला. रेशन पोहोचवणे, ऑक्सिजन शोधणे, मय्यत कब्रस्तानापर्यंत नेणे, हे सगळे मोहल्ल्यातल्या तरुणांनी केले. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारची रमाबाई अपार्टमेंट कोसळून १७ जणांचा जीव गेला. अशा प्रत्येक प्रसंगी मदतीला धावणारी माणसे बहुधा तीच ती असतात.

ही माणसे रिकामी नसतात. पहाटेची लोकल पकडून मुंबईला जायचे. विरार ते चर्चगेट हे सुमारे ६० किलोमीटरचे अंतर, तेही गर्दीत उभ्याने कापायचे. रात्री परतल्यावर इशाची नमाज आणि त्यानंतर कमिटीची बैठक. मध्यरात्री फोन येतो, कोणाला तरी रक्त हवे असते. इमाम साहेब आणि मकतबच्या आपा यांचेही तसेच. शिकवायचे, लोकांची भांडणे मिटवायची आणि तुटपुंज्या मानधनात आपले घरही चालवायचे. बाहेर सगळे कौतुक करतात. घरात मात्र मूल विचारते, "अब्बू आज तरी लवकर येणार का?"

अशी माणसे एक दिवस आतून रिकामी होतात. या थकव्याला इंग्रजीत ‘बर्नआउट’ म्हणतात. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये त्यावर लेख लिहिला. न्यूयॉर्कमध्ये गरिबांवर मोफत उपचार करणाऱ्या दवाखान्यात ते स्वतः काम करत. तिथले कार्यकर्ते कसे खचत जातात, हे त्यांनी जवळून पाहिले होते. सर्वांत मन लावून काम करणाऱ्यालाच हा धोका अधिक, हे त्यांचे निरीक्षण आजही विचार करायला लावते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची तीन लक्षणे सांगितली: शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाबद्दल मनात दुरावा किंवा कडवटपणा येणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. मदत मागायला आलेल्या विधवेवर एखादा भला माणूस खेकसला, तर त्याचा स्वभाव बिघडला असे लगेच म्हणू नये. कदाचित तो फार थकला असेल.

यावर दीनमध्ये स्पष्ट मार्गदर्शन आहे. सहीह बुखारीत हजरत सलमान फारसी (रजि.) आणि हजरत अबू दरदा (रजि.) यांचा प्रसंग येतो. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी दोघांना भाऊ-भाऊ केले होते. सलमान (रजि.) भावाच्या घरी गेले, तर उम्मे दरदा (रजि.) अगदी साध्या अवतारात दिसल्या. कारण विचारल्यावर कळले, की पतीचे घरादाराकडे लक्षच उरलेले नाही. दिवसा रोजा आणि रात्रभर इबादत. सलमान (रजि.) यांनी त्यांना आग्रहाने जेवायला बसवले, रात्री झोपायला लावले आणि शेवटच्या प्रहरी दोघांनी मिळून नमाज पढली. मग समजावले, की रबचा हक्क आहे, तसाच स्वतःच्या जिवाचा आणि घरच्यांचाही आहे. ज्याचा त्याला द्यावा. पैगंबरांनी (स.) हे ऐकून सलमान खरे बोलले, असे सांगितले.

या प्रसंगातली एक गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही. बिघाडाची पहिली खबर घरातून मिळाली, पत्नीकडून. म्हणून बायको-मुलांची तक्रार ही खिदमतीतली अडचण समजू नये. तो वेळेवर मिळालेला इशारा असतो.

पण सगळा भार घरच्यांवर आणि त्या एकट्या माणसावर टाकणेही बरोबर नाही. कामाची घडी नीट बसवणे ही जमातीची अमानत आहे. हजरत मूसा (अलै.) यांच्यावर मोठी जबाबदारी आली, तेव्हा त्यांनी अल्लाहकडे भाऊ हारून (अलै.) यांना सोबती म्हणून मागून घेतले. एका पैगंबराने मदतनीस मागितला, मग आपल्या सेक्रेटरीने मागितला तर त्यात कमीपणा कसला? कुरआनच्या सूरह तौबामध्ये जकातीच्या हकदारांत ती गोळा करणाऱ्यांचाही समावेश आहे. दीनचे काम करणाऱ्याने उपाशीपोटी राबावे, अशी शिकवण नाही.

वसईत आपल्या शेजारी ख्रिस्ती बांधवांची जुनी वस्ती आहे. त्यांच्या चर्चमधल्या फादरना दरवर्षी काही दिवस कामातून बाजूला होऊन प्रार्थनेत आणि चिंतनात घालवावे लागतात. वर्षाची सुटीही त्यांच्या नियमातच लिहिलेली आहे. आपल्या किती मशिदींत इमाम साहेबांची हक्काची सुटी कागदावर आहे, हे प्रत्येक ट्रस्टीने स्वतःला विचारावे.

काही गोष्टी लगेच करता येतील. रात्रीच्या फोनसाठी आठवड्याच्या पाळ्या लावाव्यात, म्हणजे बाकीच्यांना निश्चिंत झोप मिळेल. हिशोब आणि चाव्या किमान दोघांना ठाऊक असाव्यात. पदाची मुदत ठरवावी आणि जुन्याच्या हाताखाली नवा तरुण तयार करावा. बहिणींनी घरोघरी केलेले काम कमिटीच्या नोंदीत यावे. मोठ्या दुर्घटनेत धावपळ केलेल्यांना नंतर एकत्र बसवून मन मोकळे करू द्यावे. बैठक रात्री ठरलेल्या वेळी संपवावी. नाही म्हणणाऱ्याला ईमानचा कमजोर ठरवू नये.

झोप उडाली, जीव नकोसा वाटू लागला, तर डॉक्टरांना दाखवावे. केंद्र सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते. दुआ करावी आणि इलाजही करावा. दोन्हींत विरोध नाही.

थोडे असले तरी सातत्याने केलेले काम अल्लाहला अधिक प्रिय आहे, असे हदीसमध्ये आले आहे. पुढचा पावसाळा येईल, पुन्हा पाणी भरेल, तेव्हा खिदमत करणारे हात लागतीलच. ते हात तोवर शाबूत राहावेत, ही जबाबदारी आपल्या सर्वांची आहे. या जुम्याला आपल्या मोहल्ल्यातल्या अशा एखाद्या भावाला किंवा आपाला भेटा आणि विचारा, "तुमचे कोणते काम मी घेऊ?"